फ्रिजवरची शाळा

बायको : अहो, तुमचे साहेब आलेत.

मुख्याध्यापक : कुठे? मी शाळेच्या फाटकातच उभा आहे. मुलं केव्हाची रांगेत आहेत. मला तर कोणी दिसत नाही.

बायको : तिथे कसे दिसतील? इथे आलेत. आपल्या स्वयंपाकघरात.

मुख्याध्यापक : कोण साहेब?

बायको : तपासणीचे. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. ओट्याकडे बघून विचारतायत, पाचवीचा वर्ग हाच का म्हणून.

मुख्याध्यापक : अरे देवा!

बायको : तुमच्या ॲपनेच आणून सोडलं त्यांना, थेट दारात. तरी मी तेव्हाच म्हणत होते, रविवारी घरात लोळत शाळेची जागा नोंदवू नका.

मुख्याध्यापक : अगं, 'मी शाळेत आहे' यावर 'हो' दाबल्याशिवाय पुढे जातच नव्हतं ते!

साहेब : बाई, माफ करा, मध्येच बोलतो. फोन स्पीकरवर टाकता का? हं. मुख्याध्यापक, नमस्कार. हे फ्रिजवर ताटात इतके मोबाइल कशाचे?

बायको : सांगू का हो?

मुख्याध्यापक : नको.

बायको : शाळेचे आहेत. म्हणजे सगळ्या सरांचे आणि बाईंचे. ॲप तासातासाला बघतं ना, माणूस शाळेत आहे की नाही ते. आणि ॲपच्या मते शाळा इथे. शिकवायला तिकडे जायचं आणि हजर इकडे राहायचं, हे माणसाला जमत नाही, फोनला जमतं. सकाळी सगळे येऊन ठेवून जातात. यांच्याशीसुद्धा मी आत्ता शिपाईकाकांच्या फोनवर बोलतेय.

साहेब : पण फ्रिजवरच का?

मुख्याध्यापक : विज्ञानाच्या बाईंनी प्रयोग करून पाहिला, सर. हॉलमध्ये ठेवला तर गैरहजर. बाल्कनीत ठेवला तर नदीत. फ्रिजवर ठेवला की बरोबर शाळेत. बाईंनी भिंतीवर पेन्सिलीने खूणसुद्धा करून दिलीय.

बायको : नव्या रंगावर!

(ताटातला एक फोन वाजतो.)

बायको : एक मिनिट हं. हॅलो, बोला... नाही हो, आज नाही रडली. आधी जरा तोंड वाकडं केलं, मग मैत्रिणीशेजारी जाऊन बसली... हो, डबा खाल्ला की कळवते. ठेवू?

साहेब : कोण होतं?

बायको : पहिलीतल्या एका मुलीची आई. आत्ताच नाव घातलंय. रोज याच वेळेला फोन करते बिचारी.

साहेब : तुम्हाला इथे बसून कसं कळलं, ती रडली नाही ते?

बायको : शिपाईकाकांना विचारलं मघाशी, रांगा लागायच्या आधी. ते खिडकीतून बघून सांगतात. उगीच थाप मारून कसं चालेल? आईला आवाजावरून कळतं.

साहेब : आणखी काय काय करता तुम्ही?

बायको : फार काही नाही. सातवीतल्या दोघांच्या वडिलांचं भांडण मिटवलं. पाण्याच्या टाकीवाल्याला झापलं. चित्रकलेच्या सरांना रजा दिली.

मुख्याध्यापक : तू दिलीस? मी त्यांना नोटीस काढायला निघालो होतो! माणसाने निदान एक मेसेज करावा!

बायको : केलाय की. तुमच्याच फोनवर आहे. फ्रिजवर. मुलगी झाली त्यांना.

मुख्याध्यापक : हो का? ...अरे वा.

साहेब : मुख्याध्यापक, हे सगळं मला आधी का कळवलं नाहीत? जागा बदलायची मंजुरी माझ्याच हातात आहे.

मुख्याध्यापक : कसं कळवणार, सर? मी अजून प्रभारीच आहे. मला कायम करायचं की नाही, ते तुमच्या आजच्या अहवालावर ठरणार. ज्याला शाळा कुठे आहे तेच नीट सांगता आलं नाही, त्याच्या हातात शाळा कोण देईल?

बायको : साहेब, हे त्या खुर्चीत अजून टेकून बसत नाहीत. टोकावर बसतात. म्हणतात, उठवलं तर पटकन उठता यावं.

मुख्याध्यापक : अगं, स्पीकर चालू आहे!

साहेब : अवघड आहे. पहिलाच प्रश्न आहे, मुख्याध्यापक हजर होते का? ॲप म्हणतं, फ्रिजवर हजर आहेत. मी बघतोय, तर इथे नाहीत.

मुख्याध्यापक : मी इकडे आहे, सर! सगळ्या मुलांसकट!

साहेब : बाई, जरा दार लोटून घेता का?

बायको : का हो?

साहेब : माझं कार्यालय ॲपमध्ये माझ्या सासुरवाडीला आहे.

बायको : अगंबाई!

साहेब : सुट्टीत गेलो होतो, तिथेच नोंदवलं. माझा खरा फोन सासूबाईंच्या उशाशी असतो. हा दुसरा, तपासणीपुरता.

बायको : मग तो वाजला की उचलतं कोण?

साहेब : सासूबाईच. हल्ली माझ्या हाताखालची माणसं फार शिस्तीत वागतात.

मुख्याध्यापक : मग तुम्ही जागा बदलून का घेत नाही, सर?

साहेब : त्याची मंजुरी माझ्या वरच्या साहेबांकडे. त्यांना सांगायचं कोणी?

बायको : घ्या! म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी.

साहेब : आता ऐका. अर्ज यांच्या फोनवरून, शाळेच्या हद्दीतून करायचा. म्हणजे इथून. आणि मी जिथे उभा राहून मंजुरी देईन, ती शाळेची नवी जागा. यांचा फोन यातला कुठला?

बायको : तो काच तडकलेला. द्या, मीच दाबते. हं, गेला अर्ज.

साहेब : चला, गाडीत बसा. ताट घ्या सोबत. मुख्याध्यापक, फाटकातून हलू नका. मी तिथे येऊन, तुम्हाला डोळ्यांनी बघून 'हजर' लिहिणार आहे. आणि बाई, यांना टेकून बसायला सांगा आता.

मुख्याध्यापक : सर... मुलांनी स्वागताचं गाणं बसवलंय.

बायको : मोठ्याने म्हणायला सांगा. साहेबांची पुन्हा वाट चुकायला नको.

मुख्याध्यापक : सुटलीस बघ एकदाची! उद्यापासून फ्रिज रिकामा, तुझ्या डोक्याला ताप नाही.

बायको : हं... अहो, ती पहिलीतली मुलगी.

मुख्याध्यापक : तिच्या आईला आता शाळेतूनच सांगू की.

बायको : नको. तिला माझा नंबर द्या. डबा खाल्ला की कळवते म्हणालेय मी.