आठ दिवसांचं औषध

(शेलूतल्या एका नव्या बिल्डिंगची बाल्कनी. संध्याकाळ.)

प्राची : नाय, तू ऐक गं नुसतं. मधे बोलू नको. चहा राहू दे.

हर्षला : चहा मला हवाय. सकाळपासून मेडिकलच्या काउंटरला उभी होते. तू बोल, कान मोकळे आहेत.

प्राची : आपली नमी. ती विहिरी तपासत फिरते ना, कॉलेजच्या अभ्यासासाठी, कर्जत-खालापूर दोन्हीकडे...

हर्षला : स्कूटीवर बाटल्या खडखडवत. माहितीये. रापलीय पार उन्हानं.

प्राची : रापलीय नाय गं, थकलीय. लोक दारात उभं करत नाहीत तिला. रसायनीकडे एक बाई म्हणाली, "बाटल्या भरून समदे नेतात गं बाय, निरोप कोन आनत नाय." आता ह्याच्यावर काय बोलणार ती? पण एक घर होतं. ह्या टेकाडाखालची वाडी. येसूबाई म्हणून मावशी आहेत, त्यांच्या परसातली विहीर. त्या नमीला जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तांदळाची भाकरी, सुकट, आणि वर तांब्याभर पाणी. "पी गं, आमच्या हिरीचं गोड हाय." नमी प्यायची.

हर्षला : तपासायला गेलेली बाई न तपासता प्यायची?

प्राची : तू नाही म्हणून बघ येसूबाईला! बरं, गेल्या महिन्यात मीपण गेले होते सोबत, बाटल्यांची पिशवी धरायला. बघते तर विहिरीच्या कठड्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. येसूबाईंची लेक दर्शना बाळंतपणाला आलीय. सव्वा महिना झाला म्हणून विहीर पुजत होती.

हर्षला : दर्शना... धनेशची बहीण का? तो पावडर दुधाचा डबा न्यायला येतो माझ्याकडे.

प्राची : तोच. तिला दूध पुरत नाही गं, म्हणून बाळाला पावडरचं देतात. तर पूजा आटपली, नमीनं दोरीला बाटली बांधून सोडली, पाणी काढलं, त्यात ती तिची तपासायची पट्टी बुडवली. पट्टी अशी गुलाबी झाली ना हर्षे! एकदम गडद. मी म्हटलं, वा, छान रंग आला. नमीचं तोंड बघितलं आणि गप बसले.

हर्षला : म्हणजे काय असतं त्यात?

प्राची : नायट्रेट. शेतातल्या युरियानं होतं, गटाराचं पाणी मुरलं की होतं. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही. पण तान्ह्या बाळाला लय वाईट. रक्तातून हवाच नीट पोचत नाही, बाळ निळं पडतं.

हर्षला : अगं, मग उकळून द्यायचं ना पाणी.

प्राची : बघ! तूपण तेच बोललीस. सगळे तेच बोलतात, दवाखान्याच्या आशाताई बोलतात, नमीपण सगळीकडे सांगत फिरायची, पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या. उकळून जंतू मरतात गं. हे मरायला जिवंतच नसतं. पाणी वाफ होऊन जातं आणि हे आपलं खाली तेवढंच. उलट दाट होतं. आणि आम्ही परसात वळतो तर चुलीवर टोप! येसूबाई ऐटीत सांगतायत, "तू बोललीस ना, म्हून मी सकालधरनं उकळवते. अर्धं होईस्तोवर आटवते बाळासाटी. दुधासारकं."

हर्षला : अरे देवा.

प्राची : नमीनं ती पट्टी मुठीत दडवली. मी बघितलं ना.

हर्षला : मग सांगायचं सरळ. पाणी खराब आहे म्हणून. एवढं काय त्यात?

प्राची : तिचे कॉलेजचे सर म्हणालेले, पट्टीवर बोलायचं नाही, लॅबवर बोलायचं. पट्टी चुकू शकते. मागे एका गावात एक मुलगा असंच पट्टी बघून बोलला, लॅबमध्ये काही निघालं नाही. गावानं पुन्हा कुणाला विहिरीला हात लावू दिला नाही. त्या वर्षाचं सगळं काम पाण्यात. आणि लॅबला लागतात आठ दिवस. आता आठ दिवस ते बाळ काय पिणार, सांग? नमी उभीच. आणि मग बोलली, एकदम, "मावशी, मी आत्ता विहिरीत औषध सोडलंय. तपासणीचं. आठ दिवस हे पाणी बाळाला नको, उकळूनपण नको. जारचं आणा."

हर्षला : आणि सोडलं होतं?

प्राची : काही नाय गं! नुसती बाटली सोडली होती! मी बघतच राहिले. बाहेर आल्यावर म्हटलं, नमे, काय बोललीस तू? तर म्हणते, "आठ दिवस तर मिळाले."

हर्षला : हुशारी नडणार.

प्राची : नडलीच! आम्ही स्कूटी काढेपर्यंत येसूबाईंची जाऊ आली धावत. जयवंता. माळ बघितली, आम्हाला बघितलं. "पुजलेल्या हिरीत औषध टाकलंस? कोनाला इचारून?" नमी म्हणते, काकू, पिणाऱ्याला काही होणार नाही, फक्त बाळाला... ऐकतंय कोण. मग ती नमीला वरपासून खालपर्यंत बघते आणि विचारते, "आडनाव काय गं तुजं?"

हर्षला : ...सांगितलं तिनं?

प्राची : नमी आहे ती. सांगितलं. कांबळे. कुठली ते पण सांगितलं, कुंभिवलीची. तशी जयवंता हातभर मागे सरली आणि बोलली, "हीर बाटवलीस आमची."

हर्षला : आता? हल्ली?

प्राची : गेल्या महिन्यात, दिवसाढवळ्या. पोरं मोबाइलवर क्रिकेट बघतायत बाजूला आणि ही हे बोलते.

हर्षला : आणि येसूबाई?

प्राची : टोपाखालची लाकडं मागे ओढत बसल्या. वर बघितलंच नाही. नमी मला वाटेत म्हणाली, "हा शब्द आजीच्या तोंडून ऐकलेला. तिला कुणी बोललेलं तेव्हाचा. मला वाटलेलं, तो आजीबरोबरच संपला." गाडी हळूच चालवत होती.

हर्षला : चहा घे, थंड झाला.

प्राची : नको. पुढचं ऐक. लॅबचं आलं. पट्टी खरी निघाली. आणि आजूबाजूच्या शेतांतलं पाणी बरं होतं, म्हणजे युरिया नाही. सर म्हणाले, हे वरून मुरतंय. टेकाडावरच्या बिल्डिंगांच्या संडासच्या टाक्यांतून.

हर्षला : कुठल्या बिल्डिंगा?

प्राची : ह्याच की... टेकाडावरच्या.

हर्षला : प्राचे, कुठल्या बिल्डिंगा?

प्राची : तू बसलीयेस ना, ती. आणि पलीकडच्या दोन.

हर्षला : मला काय माहीत गं. आम्ही आपलं फ्लश करतो. टाकी कुठे आहे ते पण मी कधी बघितलं नाही.

प्राची : तुला कोण बोलतंय? बिल्डर सांगून गेला, पक्की टाकी. आता फोन उचलत नाही. सर लागलेत मागे, पंचायतीत चाललंय काय ते. ते होईल तेव्हा होईल. नमीचं ऐक. आठ दिवस झाले आणि येसूबाईंचाच फोन. आवाज एकदम मऊ. "नम्रता, औषध उतरलं असंल ना गं आता? मी पानी ठेवलंय चुलीवर. दुप्पट आटवते, म्हंजे तुज्या औषधाचा अंश नको ऱ्हायला."

हर्षला : बाई गं.

प्राची : नमी ओरडलीच. "मावशी, चूल विझवा! औषध नव्हतं काही. मी खोटं बोलले. पाणीच खराब आहे तुमचं, लॅबमधून आलंय." पलीकडं बाळ रडताना ऐकू येत होतं, म्हणे. आणि मग येसूबाई विचारतात, रागानं नाही हां, अगदी थकून, "म्हंजे तवा खोटं बोललीस, का आता बोलतेस?"

हर्षला : चूक नाही गं त्यांची.

प्राची : तेच ना. आता अख्ख्या वाडीत एकच गोष्ट. हीर चांगली होती, पोरीनं औषध टाकून नासवली, आणि आता कागद दाखवते. नमी आशाताईंना घेऊन गेली. त्यांनाही जयवंतानं अंगणातनंच परतवलं. धनेशला म्हणालो, तर तो म्हणतो, आई ऐकत नाही, आणि दिवसभर मी कंपनीत, घरी काय शिजतं मला काय माहीत.

हर्षला : मग आता?

प्राची : आता नमी काय करते माहितीये? रोज सकाळी कॉलेजच्या आधी पाण्याचा छोटा जार नेते. स्कूटीवर, पायात धरून. येसूबाईंच्या पायरीवर ठेवते आणि निघते. हाक मारत नाही. आत बोलवत नाहीत, ही जातही नाही. मी म्हटलं, अगं किती दिवस? तर म्हणते, "दर्शना बाळाला घेऊन सासरी जाईपर्यंत."

हर्षला : आणि घेतात जार?

प्राची : दुसऱ्या दिवशी रिकामा असतो. पायरीवर उपडा, धुतलेला.

हर्षला : मग झालं की. बाळाला देत असतील.

प्राची : देत असतील. किंवा भांड्यांना वापरत असतील. किंवा जयवंता गुरांना पाजत असेल. नमीला माहीत नाही. काल तर परसात धूर दिसत होता म्हणे. आता तो अंघोळीच्या पाण्याचा, का बाळाच्या, हे पायरीवरनं कसं कळणार? विचारायला हाक मारावी लागते. आणि हाक मारली, की येसूबाई बाहेर येणार, किंवा जयवंता येणार. किंवा कुणीच येणार नाही.

हर्षला : आज गेलेली?

प्राची : गेलेली. म्हणते, जार ठेवला, आणि तोंड उघडलं होतं मी हाक मारायला. मग मिटलं.

हर्षला : आणि तशीच परत आली?

प्राची : तशीच. तुझं खरं सांग हां हर्षे. तू असतीस, तर मारली असतीस हाक?