आजीच्या गोष्टीतली माशी

साधा! साधा म्हणे! ज्या कोणी त्या लेखाला 'साधा आयसोलेटेड कन्व्हर्टर, घरच्या घरी' असं नाव दिलंय ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा, बस्स! उभी हयात बातमीदारीत गेली माझी, भल्याभल्या थापाड्यांना भर पत्रकार परिषदेत घाम फोडलाय, पण इतकं सराईत खोटं... जाऊ दे.

तर तुम्हाला सांगतो, आमची नात राहते लांब, आणि तिला जेवताना आजीची गोष्ट लागते. ही माइकसमोर बसून गोष्ट सांगते, मी ती कॉम्प्युटरवर आवाजात भरतो आणि पाठवतो. माइकचा ॲम्प्लिफायर? मी बनवलाय! तर एक दिवस नात म्हणते, "आजी, तुझ्या गोष्टीत माशी आहे." भुणऽऽऽ! अहो, ॲम्प्लिफायरला वीज कॉम्प्युटरकडूनच, म्हणजे त्याची सगळी घाण त्याच तारेतून थेट आवाजात! आणि ही? हिनं बिनधास्त ती माशी राजाच्या नाकावर बसवली आणि गोष्ट पुढे चालू! "अहो, पोरीला चालतंय ना?" आज चालतंय! उद्या म्हणेल, कटकट नको, बंद करा... मग बसा दोघं भिंतीकडे बघत!

उपाय काय? मध्ये आयसोलेटेड कन्व्हर्टर! म्हणजे वीज पलीकडे पोचली पाहिजे, पण दोन्हीकडच्या तारा एकमेकींना शिवता कामा नयेत. अगदी आमच्या घरासारखं! माझी बहीण आणि ही एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत, पण विणलेले स्वेटर, रिकामे डबे, टोमणे, सगळं बिनचूक पोचतं. कोणामार्फत? हा काय, ट्रान्सफॉर्मर तुमच्यासमोर उभा आहे!

दुकानदार म्हणाला, "काका, तयार मिळतो की! नखाएवढा." मी म्हटलं, "आयती बातमी कधी छापली नाही, आयता कन्व्हर्टर घेऊ?" झालं! भोगा! त्यातला ट्रान्सफॉर्मर म्हणजे अंगठीएवढं काळं कडं, त्याभोवती केसासारखी तार गुंडाळायची, वेढे मोजायचे, आणि नेमकी ही दारातून, "अहो, गॅस बंद केलात का?" विसरलो! उकला, पुन्हा गुंडाळा! त्यात एक गुंडाळी उलटी जोडली गेली, तर ट्रान्झिस्टरनं असा धूर सोडला, असा धूर, की शेजारीणबाई खिडकीतून, "काय हो, वहिनींनी आज काय करपवलं?" हिचा चेहरा बघायला हवा होता! साधा म्हणे!

शेवटी चालला. मग हिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ढापला, दोन भोकं पाडली, एकात इकडचं, कॉम्प्युटरच्या बाजूचं सॉकेट, दुसऱ्यात तिकडचं, ॲम्प्लिफायरचं, झकास आवळलं, बटण दाबलं... भुणऽऽऽ! तीच माशी! तश्शीच! वेढे तपासले, जोड तपासले, त्या लेखकाला मनातल्या मनात चार अग्रलेख सुनावले, आणि मग मीटर लावला डब्याला. टीं! इकडचं सॉकेट पत्र्याला टेकलेलं. टीं! तिकडचंही! ज्यांनी जन्मात एकमेकींचं तोंड बघू नये म्हणून मी बोटं सोलून घेतली, त्या दोघींना मीच एका डब्यात बसवलं होतं! स्क्रूनं आवळून!

प्लास्टिकचे वॉशर घातले. बटण दाबलं. आणि... शांतता! अशी शांतता, की हिनं गिळलेला आवंढासुद्धा ऐकू यावा! गोष्ट भरली, पाठवली, आणि छाती फुगवून फोन धरून बसलो. तर पलीकडून हुंदके!

"आजोबा, माशी कुठंय?"

"उडून गेली गं."

"तुम्ही मारलीत! माशी नसेल तर मला गोष्टच नको!"

ही माझ्याकडे बघते, मी डब्याकडे बघतो. "अहो, त्या दोन्ही बाजू हव्या तेव्हा जुळवायला एक बटण बसवा ना. साधं तर काम!"

बसवलं! आता गोष्टीत माशी यायची वेळ झाली, की ही भुवई वर करते आणि मी बटण दाबतो. उभी हयात बातमीदारीत... जाऊ दे. साधं काम आहे.