पांढऱ्या रेघेचा वरंबा

चहा घ्या, पण आमच्या ह्यांच्यासमोर नव्या गाडीचा विषय काढू नका.

हे म्हणजे ट्रॅक्टरवर वाढलेले. उसात दोन सऱ्यांमधला वरंबा चाकांच्या मधोमध धरायचा, ही लहानपणापासूनची सवय. नवी गाडी घेऊन राहुरीहून नगरला निघालो, तर हायवेची पांढरी रेघही ह्यांनी तशीच चाकांच्या मधोमध धरली! गाडी सारखी टूं-टूं करायला लागली. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते ते वेगळंच.

"ही कशानं वरडती रं?" मागच्या सीटवरून सासूबाई.

"फॉल्ट हाय गाडीत. शोरूमला परत नेतो."

मी म्हणलं, "अहो, रेघ ओलांडली की ओरडते ती. दोन रेघांच्या मध्ये चालवा."

"तू नको शिकवू मला. ट्रॅक्टर कधी हाकलाय का?"

माझं डोकंच फिरलं. लायसन काढून वर्ष झालं होतं, पण चावी कधी हातात मिळाली नव्हती. म्हणलं, "उतरा खाली. माझ्या हातात एकदा जरी ओरडली, तर जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही."

नजर लांब ठेवली आणि गाडी दोन रेघांच्या बरोबर मध्ये घातली. नगर येईपर्यंत गाडीनं हूं की चूं केलं नाही. हे मात्र शेजारी बसून चालूच, "डावीकडं घे... हळू... ब्रेक दाब!"

शेवटी सासूबाईंनी मागून ह्यांच्या खांद्यावर चापट मारली.

"गाडी गप झाली न्हवं? आता तूबी गप बस."