आंगात लोखंड असलेली पोरगी

माहेर माहं किन्हीराजा. बाप गवंडी, माय लोकाइच्या वावरात निंदाले जाये. आमी सात भावंडं, त्यात मीच एकली वाकडी. तोंडानं नाही भाऊ, तोंडानं तं सारेच वाकडे होते, मी पाठीनं. न्हातीधुती झाली अन पाठ एका बाजूनं अशी फुगत चालली का शिंपी म्हणे, मिस्त्री, पोरीचं माप दोनदा घ्या लागते, एकदा डावीकून, एकदा उजवीकून.

बापाले भिंतीले ओळंबा लावून पाहाची सवय ना, मंग थो मलेही उभी करे, मानेपासून दोरी सोडे, अन खालचं वजन बाहेर लोंबलं का माईवर खेकसे, हे कोण्या मिस्त्रीनं बांधलं वं. माय म्हणे, तुमीच होते ना.

मालेगावच्या डाक्टरनं चिठ्ठी देली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डाक्टर म्हणे, मणक्याइले पोलादाची सळई लावतो, पोरगी सरळ होईन. माय रडाले लागली, बाप मात्र खूश, म्हणे सळई टाकल्याबिगर काम टिकतच नाही साहेब, पण जाडी किती सुताची टाकता?

ऑपरेशन झालं अन वरून काखेपासून कमरेपर्यंत पलस्तर, कित्येक महिने. आतून अशी खाज सुटे, काय सांगू तुमाले, माय तुरीची काडी घालून खाजवे. बाप पलस्तर टकटक वाजवून पाहे, म्हणे पक्कं हाय. पलस्तर निघालं तवा त्यानं वार्डातच खिशातून ओळंबा काढला. वजन बरोबर मधात. बाप मटकन खाली बसला अन लहान पोरावाणी रडला. मीही रडली.

सरळ झाली, आता लगन पाह्यजे. तं गावात आवई उठली, मिस्त्रीच्या पोरीच्या आंगात लोखंड हाय, तिच्यावर ईज पडते. वावरात आभाळ गडगडलं का बाया माह्यापासून दूर पळत, हातात लोखंडाचं खुरपं तसंच. पाहुणे येत, चहा पीत, आभाळाकडं पाहत अन निघून जात. बापाचं तोंड उतरून जाये. मले वाटे, यापक्षा वाकडीच बरी होती.

मंग कामरगावचा एक पोरगा आला, इजेच्या खात्यात लायनमन. संगं त्याची माय अन मामा. मी पोहे घेऊन ओसरीत आली अन नेमकं तवाच आभाळ कडाडलं. त्याची माय घरात पळाली, मामा शेजारच्या घरात, माही सख्खी मायही दारामागं. मी एकलीच पोहे धरून उभी, डोळे भरून आले. तं हा पोरगा बाजेवर सरकला, म्हणे बस इथं. मी बसली. म्हटलं, तुमाले भेव नाही वाटत? म्हणे, मी इजेच्याच खात्यात हाय, मले इचारल्याबिगर थे कुठीच पडत नाही. घरातून त्याची माय वरडून राह्यली, अरे उठ तिथून, तं हा म्हणे, उठत नाही, हीच पोरगी करतो.

पंचशील घेऊन लगन लागलं. मंग एक दिवस आभाळ वाजलं अन मले समजलं, हा मानूस गडगडाटाले लहानपणापासून भेते. आता रिटायर झाला, केस पिकले, पण अजूनही आभाळ वाजलं का कानात बोटं घालून गोधडीत शिरते, अन मी जवळ बसून त्याच्या पाठीवर हात फिरवतो. एवढं भेव पोटात घेऊन थो त्या दिवशी माह्या बाजूले बसला होता भाऊ. शंभर वर्स जगो बाप्पा माहा हा भित्रा मानूस.