साखर नको म्हणजे

— नाही नाही, तुम्ही बोलू नका सर, तुम्ही फक्त आ करा, बोलायचं माझ्याकडे लागलं. अजून थोडं — अस्सं. तर काय सांगत होते, तुम्ही वर्गात ते इंग्रजीतलं 'वॉन्ट' शिकवलंत आणि आमच्या घराची घडी पार विस्कटली. पहिल्या बाकावर बसतात ना, जाड चष्मा, वहीला खाकी कव्हर, प्रश्न विचारायच्या आधी हात वर करणाऱ्या — त्या माझ्या सासूबाई. ओळखलंत ना? मान हलवू नका, सुई आहे हातात.

आता मला इंग्रजी येत नाही असं नाही हं. दातांचा अख्खा अभ्यास मी त्याच भाषेत केला. पण हे क्रियापद घरात कधी आणलं नाही — गरजच काय? आमच्याकडे कुणी काही हवंय असं म्हणतच नाही. एकोणीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, सासूबाईंच्या तोंडून एकच शब्द ऐकला. नको. चहात साखर घालू का आई? नको. खिडकीशी बसता? नको गं. मग शहाण्या सुनेनं यातून काय समजायचं? हवंय, पण संकोच वाटतोय. म्हणून मी साखर घालायचे, चांगली दोन चमचे. त्या कपाकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, आणि एका दमात पिऊन टाकायच्या. डोळ्यांत पाणी यायचं हो त्यांच्या. मी नवऱ्याला म्हणायचे, बघ, माणसाचं न बोलता कळावं लागतं. मला कळतं. — हात खाली घ्या सर, दिव्याला लागेल. एवढं काय घाबरायचं, मुंगी चावल्यासारखं वाटेल. झालं. झालंसुद्धा. आता पाच मिनिटं थांबू, गाल जड होऊ दे.

तर पहिल्या आठवड्यात तुम्ही वस्तू मागायला शिकवलंत. सकाळी आल्या स्वयंपाकघरात, वही छातीशी धरलेली, आणि म्हणाल्या, 'आय वॉन्ट अ की.' कसली किल्ली? तर त्यांच्या खोलीची. मी हसले, म्हटलं गृहपाठ असेल. पुढच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्याकडून काम कसं करवून घ्यायचं ते शिकवलंत, झालं — 'आय वॉन्ट यू टू नॉक.' म्हणजे मी टकटक करायची, माझ्याच घरात, हातात त्यांच्याच चहाचा कप घेऊन. आणि ते जुन्या पद्धतीचं कशाला शिकवलंत, वस्तूलाच काहीतरी हवं असतं ते? 'युअर हेअर वॉन्ट्स कटिंग' म्हणाल्या माझ्या नवऱ्याला. बावन्न वर्षांचा माणूस, निमूटपणे जाऊन कापून आला. मी सहा महिने सांगत होते, तेव्हा कान नव्हते. मग काय, जिन्याला झाडू हवा झाला, पडद्यांना साबण हवा झाला, फ्रिजला तर काय काय हवं होतं, विचारू नका.

आणि गेल्या आठवड्यात नकार शिकवलात. 'आय डोन्ट वॉन्ट शुगर' म्हणाल्या आणि कप माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, आई, सरावाचं वाक्य आहे ना हे? तर मराठीत म्हणाल्या, 'अगं, एकोणीस वर्षं नको म्हणतेय मी.' — सर, बोट कुठे दाखवताय? तो तक्ता आहे हो, दात कसे घासावेत त्याचा, नंतर निवांत बघा. — एकोणीस वर्षं, सर. हिशेब करा, दिवसाला दोन कप. नको, करू नका.

पण खरं पुढेच आहे. काल फ्रिजवर चिठ्ठी. 'आय वॉन्ट टू लिव्ह अलोन.' मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली बघितलीय, रविवारी सामानाची गाडी सांगितलीय. नवरा म्हणतो, तिला जायचंय, जाऊ दे. मी म्हटलं, तुला काही कळत नाही, याचा अर्थ मला थांबवा असा आहे. बरोबर ना सर? असाही एखादा उपयोग असेलच ना त्या क्रियापदाचा, उलटा? तुम्ही असं करा, रविवारच्या आत 'स्टे'चा धडा घ्या. घ्याल ना? कारण त्या मला घरात हव्यात. नवऱ्याला दिवसभराचं सांगायला लागले की तो घोरतो, या ऐकतात, अगदी शेवटपर्यंत, भाजी निवडत. त्या गेल्या तर मी घरी जाऊन बोलू कुणाशी? — हे त्यांना सांगितलंय का? नाही. सांगायचं कशाला, कळतंच की माणसाला.

चला, गाल जड झाला ना? उं उं काय, कळलं मला, डावी दाढ, आत्ता काढते. परत हात? सर, तुम्हाला काय हवंय ते मला न बोलता — बरं बरं, मनगट सोडा माझं. हा घ्या कागद, लिहा.

'दाढ उजवी. तिसऱ्यांदा सांगतोय.'

…

हो. उजवीच. किडलेली दिसतेयच की, इथून दिसतेय. भूल डावीकडे दिलीय मी.

थांबा सर, उठू नका. आधी एक फोन करते. — हॅलो, आई? मीच. नाही, काही बिघडलं नाही. बिघडलंय थोडं, ते मग सांगते. — नाही, मगही नाही सांगत. आई, मला तुम्ही घरात हव्यात, एवढंच सांगायचं होतं. आता तुम्हाला नक्की काय हवंय ते सांगा. मराठीत सांगितलंत तरी चालेल. मी मधे बोलत नाही.