आखूड की लांब

बीडच्या एका वेल्डिंगच्या दुकानात विमलबाई गेटाची कडी जोडून मिळायची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी दोघं भाऊ, छोटा ट्रॅक्टर ट्रॉलीत चढवायला लोखंडी रॅम्प निवडत होते.

“दादा, हे आखूड घेऊ. नाशकाला न्यायला एकदाच तर चढवायचाय.”

“आखुडानं चढ लई उभा व्हतो, पंडित. लांब घे. परत आणशील तवा उतरवायलाबी बरं पडंल.”

“परत कशाला आणू? मोसंबीच्या वळीतनं चालावा म्हणून छोटा घेतलता. बागच वाळली.”

“सोसायटीची पाण्याची लाईन चालू झाली की पुन्ना लावू.”

“धरणच आटलंय, लाईनीतून काय येणार?”

“पाऊस पडंल की कदीतरी.”

“पडला तरी मी येणार न्हाई, दादा. नाशकाकडं द्राक्षाच्या मळ्यात कायमचं राहायचं कबूल केलंय. पोरांची नावंबी तिकडच्याच शाळेत घातलीत.”

“मला कावून न्हाई सांगितलंस?”

“तुमी वाळल्या झाडांना रोज हंड्यानं पाणी घालत व्हता. कसं सांगू?”

विमलबाई रस्त्याकडं बघू लागल्या. थोरल्या भावानं आखूड रॅम्प उचलून पंडितच्या हातात दिला.

“मग आखूडच घे. पर ट्रॅक्टर मी चढवणार. शोरूममधून घरी मीच आणलता.”

“तुमी चढवणार?”

“हां. तेवढं करू दे.”

पंडितनं हातातला आखूड रॅम्प खाली ठेवला.

“मालक, लांब द्या.”