घळीच्या वाटेवरची जनावरं

सरका अशी माझ्याकडं. दाराजवळचा तू, तू पण सरक. आता ऐका.

लिंबाजी आपल्या गावचा गुराखी. घरोघरची जनावरं सोडायची, माळावर चारायची, दिवस बुडताना ज्याची त्याच्या दारात. एका वैशाखात भरदुपारी वावधान सुटलं. वारा कसला तो! बाभळी मुळासकट उपटल्या, पत्रे पाखरासारखे उडाले. लिंबाजीनं जनावरं माळावरच्या जुन्या कोंडवाड्यात घातली, बाहेरून अडसर लावला, आणि आपण रस्त्याखालच्या मोरीत जाऊन बसला. कोंडवाड्याची भिंत आत कोसळली. जनावरं ओरडली. ऐकलं त्यानं. उठला नाही.

कितीतरी मेली. गावभर रडारड. आणि लिंबाजी काय म्हणाला? "अडसर काढायलाच धावलो, तेवढ्यात भिंत आली."

लोकांना खरं वाटलं! भिवराई म्हातारीची एकुलती एक गाय, कपिला, त्यात गेली. तरी म्हातारी त्यालाच भाकरी घेऊन आली. "जिवावर उदार झालास रं लेकरा!" ती भाकरी त्यानं घेतली, पण खाल्ली नाही.

बहिणीच्या गावी निघून जावं म्हणाला. पण दिवसा निघालं तर लोक अडवणार, चांगलं बोलणार. तेच नको होतं त्याला. अंधार पडल्यावर निघाला, मोठा रस्ता सोडला आणि घळीची वाट धरली. घळीत चकवा. माणसाला भुलवतो, फिरवतो, जीव जाईल तिथं नेतो. लिंबाजीला ठाऊक नव्हतं का? होतं की! पण भुतापेक्षा त्याला माणसांचं भ्या जास्त.

थोडा चालला. आणि पुढून आवाज... टक. टक. लोढणं! ओढाळ गाईच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात बघा, तो गुडघ्यावर आपटत होता. बघतो तर कपिला!

"कपिले! हो, हो, थांब!"

ती मेलीय हेच विसरला; एक तरी जित्ती नेऊन बांधू, असं झालं त्याला. ती पुढं, हा मागं. वाट कधी सुटली, कळलंच नाही. मग बाजूला एक म्हैस. मग बैल. मग सगळीच! मेलेली सगळी चाललेली. खुरांचा आवाज नाही, श्वास नाही. एकीच्या पाठीवर हात ठेवला, तर कातडं ओल्या मातीसारखं गार.

आणि समोर कोंडवाडा! भिंत धड, पत्रा धड. जनावरं एकेक करून आत शिरली. दारात भिवराई उभी.

"लिंबाजी, तू आत जा. अडसर मी घालते."

ऐका हं. पळाला नाही तो. त्याला वाटलं, बरोबरच बोलते म्हातारी. टाकलं एक पाऊल. दुसरं उचललं. तोच आतून सगळी जनावरं एकदम ओरडली, अगदी त्या दुपारसारखी! आणि लिंबाजीच्या तोंडून निघून गेलं, "म्हातारे, मी मोरीत होतो गं! ऐकत होतो! धावलो नाही!"

कोंडवाडा नाही. म्हातारी नाही. पायाखाली पडकी विहीर! माती सुटली, घसरला, आणि कुणीतरी दंड धरला.

भिवराईचा पुतण्या, सर्जा. शेतपंपाला रात्रीची लाईट होती, म्हणून जवळच कांद्याला पाणी देत होता. ओरडा ऐकून धावला. वर ओढलं त्यानं. पण ऐकलं पण होतं सगळं.

"घरी चल," एवढंच म्हणाला.

सकाळी लिंबाजी भिवराईच्या दारात उभा. मान खाली. सांगितलं सगळं.

म्हातारी म्हणाली, "त्या दुपारी कपिला ओरडली?"

"होय, काकू."

"तिचा आवाज ओळखलास?"

त्यानं मान डोलावली. म्हातारी उठली. मग गोठ्यात गेली, घरीच राहिलेलं कपिलेचं वासरू सोडलं आणि दावं त्याच्या हातात दिलं. "चारून आण." भाकरी मात्र त्या दिवसापासून कधी दिली नाही.

लिंबाजी गावातच राहिला. मान वर करून चालताना कुणी बघितला नाही त्याला. पण चालायचा मोठ्या रस्त्यानं, सगळ्यांच्या दारांवरून.

म्हणून सांगतो, हातून काही का होईना, तोंड लपवायला घळीची वाट धरू नका. त्या विहिरीला अजून कठडा नाही.